एका तालुक्याच्या गावाचा विनोद : प्रस्तावना

शहराला मराठी वाङ्मयात प्रथमपासूनच लेखक होते आणि खेड्यालाही पुढे ते लाभले. परंतु या दोहोंच्या मध्ये वसलेले, खेड्याइतके लहान नसलेले आणि शहराइतके अनोळखीही न झालेले असे जे तालुक्याचे गाव, त्याच्याकडे त्याच्यासाठी म्हणून वळलेली लेखणी क्वचितच आढळते. बालाघाटाच्या रांगेत, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असलेले अहमदपूर हे असे एक गाव आहे. येथे तहसील आहे, न्यायालय आहे, मोंढा आहे, महाविद्यालये आहेत, एसटीचे आगार आहे. रेल्वे मात्र नाही, आणि त्यामुळे गावात येणारा प्रत्येक मनुष्य रस्त्यानेच, म्हणजे सर्वांच्या डोळ्यांदेखत येतो. लेणी किंवा किल्ला पाहण्याच्या हेतूने निघालेला प्रवासी येथे उतरण्याचे कारण नाही. तरीही या गावात पाहण्यासारखे आणि त्याहूनही ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, ते येथील माणसांच्या रोजच्या बोलण्याचालण्यात आहे, आणि ते टिपून ठेवले नाही तर एका पिढीच्या आत नाहीसे होईल, अशा खात्रीने प्रस्तुत पुस्तकातील टिपणे लिहिली गेली आहेत.

तालुक्याच्या गावाचा विनोद खेड्याच्या विनोदाहून निराळा का असतो, याचा विचार येथे प्रथम केला पाहिजे. पन्नास-साठ उंबऱ्यांच्या वाडीत मनुष्य चेहऱ्यावरून ओळखला जातो आणि त्याला कागदाची गरज सहसा पडत नाही. महानगरात तो कागदावरूनच ओळखला जातो आणि त्याचा चेहरा कोणी पाहत नाही. तालुक्याच्या गावी ही दोन्ही माणसे, चेहऱ्याची आणि कागदाची, रोज एकमेकांसमोर येऊन उभी राहतात. खिडकीच्या आत बसलेला कारकून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या अर्जदाराला त्याच्या तीन पिढ्यांसह ओळखत असतो, कदाचित त्याच्याच आळीत राहत असतो, आणि तरीसुद्धा ओळखीचा पुरावा आणा असे त्याला सांगावे लागते. अर्जदारही ते मनावर घेत नाही. तो घरी जाऊन पुरावा आणतो, खिडकीत देतो आणि विचारतो, "बघा बरं, मीच हाय का?" या प्रश्नावर दोघेही हसतात, आणि त्या हसण्याने कायद्याचा मान राहतो व ओळखीचाही राहतो. या गावचा बहुतेक सारा विनोद मला या एका जागेवरून उगवलेला दिसतो.

नावांचेच पाहा. ज्या गृहस्थाला सारा मोंढा 'गिरणीवाले आप्पा' म्हणून ओळखतो, त्याचे बारशाच्या दिवशी ठेवलेले नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर शांतपणे पडून असते. कधीतरी वाटणीचा किंवा बांधाचा दावा निघतो, न्यायालयाच्या व्हरांड्यात शिपाई त्या पूर्ण नावाचा तीनदा पुकारा करतो, आणि ज्याच्यासाठी पुकारा चालला आहे तो बाकावर बसून कोण बरे हा इसम गैरहजर राहिला, अशा सहानुभूतीने इकडेतिकडे पाहतो. अखेर शेजारी बसलेला मनुष्य कोपर मारून म्हणतो, "आप्पा, तुमालाच बलवायलेत!" हा प्रसंग ऐकणारा जो हसतो तो आप्पांच्या अज्ञानाला हसत नाही. आयुष्यभर ज्याला लोकांनी प्रेमाने दुसऱ्याच नावाने हाक मारली, त्याला सरकारी नाव परके वाटावे यात एक मोठी सुखाची गोष्ट दडलेली आहे, आणि हसू त्या सुखाचे असते.

कागदाविषयीचे हे कुतूहल येथे इतके खोल का रुजले, याचे कारण या मुलखाच्या इतिहासात आहे. अहमदपूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतीय संघराज्यात आले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदरपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निर्माण झाला. म्हणजे निजामी महसुली कालगणनेतल्या फसली १३५० साली जन्मलेला एखादा वृद्ध आपल्या ओसरीवरून न उठता चार राजवटींत आणि तीन जिल्ह्यांत राहून आलेला असतो. त्याच्या वडिलांच्या इनामाचा मुन्तखब, म्हणजे सरकारी दाखला, उर्दूत असतो, पाहणीपत्रक मराठीत असते, आणि लहानपणी ऐकलेले हिशेब निजामी हाली शिक्क्याचे असतात. सात हाली म्हणजे सहा कलदार, अर्थात ब्रिटिश रुपये, हे कोष्टक ज्यांना झोपेतही सांगता येई, अशा आज्या या गावातील घराघरांत होत्या. अशा वृद्धाला कचेरीत वय विचारले म्हणजे तो आकडा सांगत नाही. "पोलीस ॲक्शनमदी मी गुरामागं व्हतो" एवढे सांगतो, आणि समोरचा तरुण कारकून गुरामागे जाणाऱ्या पोराचे वय अंदाजे धरून बेरीज करू लागतो. त्या बेरजेत शेजारचे चारपाच जण आपापली भर घालतात. कोणी म्हणतो, आप्पा आमच्या वडलांपेक्षा थोरले. कोणी म्हणतो, छे, आमचे वडील यांना अरेतुरे करीत. अशा रीतीने एका माणसाचे वय ठरवण्यासाठी सगळ्या गल्लीचा इतिहास चाळला जातो, आणि ज्याचे वय ठरवायचे तो मधल्या वेळात चहा पिऊन घेतो.

उर्दूचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संस्थानी काळात शिकलेली जी पिढी होती तिच्यात असे कित्येक होते की जे पहाटे हरिपाठ म्हणत, सोमवारी महादेवाला बेल वाहत आणि सही मात्र उर्दूत करीत. जुना दस्त वाचून घ्यायचा असला की गाव त्यांच्या दारी जाई. ते चष्मा पुसून, कागद उजेडाकडे धरून, उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत वाचू लागले की ज्या शेतासाठी दोन घरांत वर्षानुवर्षे बोलणे बंद असे, त्या शेताची चतुःसीमा ऐकायला दोन्ही घरची माणसे शेजारी शेजारी बसत. मला या दृश्याचे मोल फार वाटते. मराठवाड्याच्या इतिहासात जे कटुत्व आहे ते खरे आहे, आणि ते विसरावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच इतिहासाने येथील माणसाच्या जिभेला जी दोन-तीन भाषांची सवय लावली, तिच्यातून एक प्रकारची उदार थट्टा जन्माला आली, हेही तितकेच खरे आहे. सकाळी मोंढ्यातून चालत जाणारा आडत्या एकाला रामराम घालतो, दुसऱ्याला शरणार्थ म्हणतो, तिसऱ्याला सलाम करतो, चौथ्याला जयभीम आणि माळकऱ्याला जय हरी; आणि यात त्याची चूक होत नाही. चूक झालीच तर ती मुद्दाम केलेली असते, दोन जिवलगांनी एकमेकांची चेष्टा करण्यासाठी, आणि मग उत्तरही तसेच उलटे येते.

तहसीलीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसावर या पुस्तकात एक स्वतंत्र टिपण आहे, व ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेतकरी त्याच्यापुढे उकिडवा बसतो आणि सांगतो, "भावकीनं रातून बांध कोरला, इचारलं तर अंगावर आले." अर्जनवीस ते ऐकून घेतो, क्षणभर थांबतो आणि लिहितो की, मौजे मजकूर येथील गैरअर्जदार यांनी सामायिक बांधाची नासधूस करून अर्जदाराच्या मालकी व ताब्यातील क्षेत्रावर अतिक्रमण केले असून, विचारणा केली असता ते अर्जदाराच्या अंगावर धावून आले, सबब मौका पाहणी होऊन न्याय मिळावा, ही विनंती. अर्ज वाचून दाखवला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो पाहण्यासारखा असतो: आपले दुःख एवढे भारदस्त आहे हे त्याला त्या क्षणी प्रथमच कळलेले असते. तो तृप्त होऊन म्हणतो, "आता ह्येच्यात कालवडीचं बी घाला." कालवडीचा बांधाशी संबंध काय असे विचारले तर तो नसतो, पण दुःख लिहिलेच जात आहे तर सगळेच लिहून व्हावे, ही त्याची इच्छा असते. पुढे कित्येकदा असे होते की गैरअर्जदाराचे म्हणणेही तोच अर्जनवीस लिहितो, तितक्याच प्रामाणिकपणे आणि तितक्याच 'सबब'सह. आणि तारीख पडून संध्याकाळ झाली, शेवटची गाडी चुकली, तर अर्जदार व गैरअर्जदार एकाच फटफटीवर बसून गावी परततात, कारण गाव एकच, वाट एकच, आणि भांडण बांधापुरते. ज्यांना खेड्यातील भाऊबंदकी फक्त वर्तमानपत्रातून माहीत आहे त्यांना हे खरे वाटणार नाही. पण या रस्त्यावर अशी जोडी पाहिलेली नाही असा मनुष्य येथे सापडायचा नाही.

बसस्थानक ही गावाची दुसरी कचेरी. तेथे कोणी गाडीचे वेळापत्रक विचारीत नाही. विचारतात ते गावांची खबर. उदगीर लागली का, नांदेड गेली का, परळी अजून कशी आली नाही? आणि तितक्याच सहजपणे उत्तर येते की लातूर शिरूरला बंद पडली आहे आणि अंबाजोगाई किनगावच्या अलीकडे पंक्चर झाली आहे. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचला असे परंपरा सांगते, ती अंबाजोगाई चाक काढून रस्त्याच्या कडेला उभी आहे, हे ऐकताना कोणाला काही वावगे वाटत नाही. वाट पाहणाऱ्यांची तेथे एक सभाच भरते. सोयाबीनचा भाव, आभाळ आले ते कोणत्या अंगाने आले, कोणाच्या मुलीचे कुठे जमले, या सर्वांचा निकाल गाडी येण्यापूर्वी लागायचा असतो. आणि एखादे वेळी गाडी वेळेवर आलीच तर अर्ध्यावर तुटलेले बोलणे खिडकीतून चालू राहते. "कवा आलाव?" हा प्रश्न येथे निघालेल्या माणसालाही विचारला जातो, कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असते, आपण दिसलात याचा आनंद त्याला बोलून दाखवायचा असतो.

लग्नांविषयी थोडक्यात लिहिणे कठीण आहे, पण या प्रस्तावनेपुरते पत्रिकेकडे लक्ष वेधतो. वधूवरांची नावे तीन ओळींत संपतात. नंतर आशीर्वाद देणारे, निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त भावकी आणि शेवटी मामाच्या लग्नाला यायचंच असे बजावणारी चिमुकली मंडळी अशी नामावली सुरू होते. या नामावलीचा क्रम लावणे हे मोठ्या जोखमीचे काम आहे. एक चुलता दुसऱ्याच्या खाली छापला गेला तर मांडवात त्याची जागा रिकामी राहते, आणि ती भरण्यासाठी चार वडीलधाऱ्यांना त्याच्या वाड्यावर जाऊन बसावे लागते. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असतो. परंतु ध्वनिक्षेपकावरून आलेल्या पाहुण्यांची नावे घेतली जात असतात, टॉवेल-टोपीचे आहेर चाललेले असतात, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा व्हायच्या असतात, आणि हातातल्या अक्षता घामाने ओल्या होतात. त्या टॉवेल-टोपीचीही एक कथा आहे. एका मांडवात स्वीकारलेली टोपी पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या मांडवात दिली जाते, तेथून तिसऱ्या; आणि घडी न मोडता फिरत फिरत ती एके दिवशी मूळ मालकाच्या हाती परत येते. तो तिला ओळखतो आणि कपाळाला लावून ठेवून देतो. या देवघेवीत कोणाची फसवणूक नाही. वस्तू नवी असो की फिरून आलेली, मान मात्र दर खेपेला नवाच असतो, हे देणारा जाणतो आणि घेणाराही.

आणि मग वेळ अमावस्या येते. मार्गशीर्षातील हा सण महाराष्ट्रात लातूर-धाराशिवच्या मुलखाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. त्या दिवशी सारे गाव शेतात जाते. दुकाने बंद, कचेऱ्या ओस, रस्त्यावर कुत्रेही दिसू नये अशी सामसूम. कोणी न लावलेली संचारबंदीच जणू. शेतात कडब्याची खोप उभी राहते, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव बसतात, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा थाट असतो. ज्यांना शेत नाही त्यांना आमंत्रणे इतकी असतात की एका दिवसात किती खोपींत बसावे हाच प्रश्न पडतो. परगावाहून नव्याने बदलून आलेला अधिकारी त्या सकाळी कचेरीत येतो आणि आपण कोणत्या ओसाड मुलखात आलो म्हणून चक्रावतो. दुपारपर्यंत कोणीतरी त्याला गाठून शेतात नेतेच, आणि जो शिपाई त्याच्यासमोर काल उभा होता त्याच्याच खोपीत तो मांडी घालून आंबिलाचा दुसरा तांब्या मागतो. त्या दिवसानंतर त्या अधिकाऱ्याविषयी गावचे मत बदलते. पहिला तांब्या रीतीचा आणि दुसरा मनाचा, असे लोक मानतात.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की या मुलखाचे दुःख लेखकाने नजरेआड केले. तसे नाही, दुःखाच्या सान्निध्यातच येथील विनोद सर्वांत उत्कट झालेला मी ऐकला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापलेली पिढी या गावात अजून आहे. त्या भाकरीची गोष्ट निघाली की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागतात: ती तव्यावर कशी भेगाळायची, गिळताना कशी अडायची, आणि पाहुणा आला तर तीच भाकरी कोरड्यासाखाली कशी झाकून वाढायची. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात या भागातील गल्लीगल्लीत टँकरसाठी घागरींच्या रांगा लागत. माणसे सावलीला बसत आणि घागर त्यांची जागा राखी. घागरी हंड्यांच्या, हंडे कळशांच्या मागे मुकाट्याने उभे असत आणि त्यांचे मालक एकमेकांच्या भांड्यांची नावे घेऊन हाका मारीत. या हसण्याने पाणी येत नव्हते, हे त्यांना माहीत होते. पण रांगेत भांडण पेटता पेटता विझे ते याच हसण्यामुळे.

मराठी विनोदाची परंपरा थोर आहे, आणि तिचा उगम शोधू गेल्यास मराठवाड्यातच यावे लागते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली तेव्हा विंचू चावलेला मनुष्य, जोशी, भुत्या, नांदायला नको म्हणणारी सून अशी रस्त्यावरची आणि घरातली माणसे त्यांनी परमार्थाच्या मांडवात आणून उभी केली. अर्वाचीन काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि चिं. वि. जोशी यांचा विनोद पांढरपेशा घरांत वाढला. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी तो खेड्यात नेला आणि कथाकथनाच्या रूपाने गावोगावच्या श्रोत्यांना परत दिला. एक योगायोग मला मोठा सुंदर वाटतो. या तिघांनाही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणि ते तिघांनाही मराठवाड्यात मिळाले: माडगूळकरांना १९८३ साली अंबाजोगाईला, शंकर पाटलांना १९८५ साली नांदेडला, मिरासदारांना १९९८ साली परळीला. ही तिन्ही गावे अहमदपूरच्या स्थानकावर रोज लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवर आहेत. माणदेशाने, पंढरपूरने आणि कोल्हापूरच्या मातीने दिलेल्या विनोदाला या मुलखाने असे मानाचे पान वाढले. आता या मुलखाच्या स्वतःच्या बोलीतील विनोद लिहिला जाण्याची पाळी आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करून मराठवाडी बोली महाराष्ट्राबाहेर नेली, आणि लातूर तालुक्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांनी याच मातीतले जगणे कथाकादंबऱ्यांत आणले. तरी तालुक्याच्या गावातील दैनंदिन बोलण्याचा मोठा साठा अजून तोंडीच आहे.

तो लिहिताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळले आहे. ग्रामीण बोली रंगमंचावर किंवा पडद्यावर आली की केवळ तिच्या उच्चारावर हशा मिळवण्याची जी रीत पडली आहे, ती मला अप्रतिष्ठेची वाटते. कारण तेथे हसणारा वर बसलेला असतो आणि बोलणारा खाली. अहमदपूरचा मनुष्य आपल्या बोलीला हसत नाही, त्या बोलीतून हसतो. म्हणून जे टिपण संबंधित माणसासमोर, त्याच्याच हॉटेलातल्या बाकावर बसून मोठ्याने वाचता येणार नाही, ते या पुस्तकात घेतलेले नाही. खाजगी माणसांची नावे कोठेही दिलेली नाहीत. हुद्दा, नाते किंवा धंदा एवढ्यावर काम भागवले आहे. ज्यांच्याविषयी लिहिले ते स्वतःला ओळखतीलच, आणि शेजारी त्यांना ओळखून घेतील, पण परक्याला त्यांचा पत्ता लागणार नाही.

बोलीची रूपे आहेत तशी ठेवली आहेत. करायलाव, जायलाव, आलाव ही रूपे सुधारून प्रमाण केली असती तर वाक्याचा अर्थ राहिला असता, आदर गेला असता. कचेरीचे शब्दही बदललेले नाहीत. मुन्तखब, नक्कल, गिरदावर, बेबाकी हे शब्द येथील शेतकऱ्याला परके नाहीत, ते त्याच्या संसाराचे शब्द आहेत.

पुस्तकाचे चार भाग आहेत: मोंढा, कचेरी, स्थानक आणि घर. पहिले तीन पुरुषांच्या बैठकींतून आलेले असल्याने ते साहजिकच लांब झाले आहेत. चौथा आकाराने लहान आहे, पण वाचकाने तो आधी वाचावा अशी माझी शिफारस आहे. नळावर, रुखवताभोवती, वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री भज्जीसाठी हरभरा-तुरी सोलताना बायकांत जे बोलणे चालते, त्याची धार आणि त्याचा दिलदारपणा पुरुषांच्या बैठकीत क्वचितच ऐकू येतो. सासऱ्यापासून सभापतीपर्यंत कोणीही त्यातून सुटत नाही. तो भाग घरातल्या आणि शेजारच्या वडील बायकांनी सांगितला, लिहून झाल्यावर वाचून घेतला, आणि दोन ठिकाणी खोडायला लावून तिसऱ्या ठिकाणी जास्त घालायला लावला. त्यांनी घालायला लावलेला मजकूर त्यांच्याच शब्दांत जसाच्या तसा छापला आहे.